तीन माइक आणि एक सुतळी

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "ताई, माझ्याकडे तीनच माइक आहेत. सगळे म्हणतात, ड्रम्सना कमीत कमी आठ लागतात. जाऊ दे, मी हा नादच सोडते." तेव्हा मी फार बोलले नाही. तुझा आवाज रडवेला झाला होता आणि शेजारी मावशी बसलेली होती. आज सकाळची कामं उरकून निवांत बसलेय. आता सगळं सांगते. तूही वही घेऊन बस.

आधी एक गोष्ट, जी घरात मी कुणालाच सांगितलेली नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी किटवर चादर टाकून ठेवली होती, आठवतं? नऊ महिने हात लावला नाही. अभ्यास आहे असं सांगितलं होतं, पण ते खरं नव्हतं. त्याआधी मी चार माइक उसने आणून पहिल्यांदा माझं वाजवणं रेकॉर्ड केलं होतं. जिथे स्टँड मावेल तिथे माइक लावले, रात्रभर खपले आणि पहाटे ऐकायला बसले. किकमध्ये दम नाही, स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा, सगळंच पोकळ. मला वाटलं, माझे हातच असे आहेत. "मुलींना कुठे जमतं हे," असं जे जातायेता कानावर पडायचं, ते त्या पहाटे मला पटलं.

नऊ महिन्यांनी एका स्टुडिओत पडेल ते काम करताना कळलं, की माझ्या हातांचं काही चुकलं नव्हतं. माइक एकमेकांचा आवाज खात होते. अंतराच्या चुकीची शिक्षा मी नऊ महिने हातांना दिली. तुझं तसं होऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं.

माइक एकमेकांचा आवाज कसा खातात, ते नीट समजून घे. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात 34 सेंटीमीटर. स्नेअरवर स्टिक पडली की तिचा आवाज जवळच्या माइकला आधी पोचतो आणि लांबच्या माइकला नंतर. दोन्ही एकत्र केले की एकाची लाट चढत असताना दुसऱ्याची उतरत असते, आणि त्या एकमेकींना पुसून टाकतात. स्नेअरपासून दोन माइकांच्या अंतरात 34 सेंटीमीटरचा फरक असेल, तर 500 हर्ट्झच्या आसपासचा आवाज असा पुसला जातो. स्नेअरला जे भरलेपण असतं, त्यातलं बरंचसं तिथेच जातं. यालाच सगळे 'फेजचा प्रॉब्लेम' म्हणतात.

आता हिशेब कर. आठ माइक लावलेस तर त्यांच्या आपापसात 28 जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीत हे भांडण होऊ शकतं. तीन माइकांच्या जोड्या तीनच. स्टुडिओतली माणसं आठ-दहा माइक लावतात, कारण त्यांना प्रत्येक ड्रम वेगळा हातात हवा असतो, आणि त्या 28 जोड्या सांभाळायचा त्यांना सराव असतो. नाशिकच्या गच्चीवरच्या खोलीत, एकटीने वाजवायचं आणि एकटीनेच रेकॉर्ड करायचं, तर तीन माइक तुझ्या सोयीचे आहेत. तुला काही कमी पडलेलं नाही.

आणि हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये. 1968 मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत लेड झेपेलिनचा पहिला अल्बम रेकॉर्ड झाला, तेव्हा ग्लिन जॉन्स या इंजिनिअरला दोन माइकांची एक मांडणी अवचित सापडली. एक वर, एक फ्लोअर टॉमच्या बाजूला. आज जगभर ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि तुला मी तीच शिकवणार आहे. त्यांचा धाकटा भाऊ अँडी जॉन्स. त्याने त्याच बँडचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' रेकॉर्ड करताना हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात ड्रम्स खाली जिन्याच्या दालनात ठेवले आणि दोन माइक वर जिन्यात लावले. किकला वेगळा माइकच नाही. 1971 मध्ये ते गाणं आलं, आणि तो ड्रमचा आवाज अजून लोक शोधत असतात.

घरात रेकॉर्डिंग म्हणजे कमअस्सल, असंही मनात आणू नकोस. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला रूडी व्हॅन गेल्डर 1959 पर्यंत आईवडिलांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत रेकॉर्डिंग करत. पोटापाण्यासाठी दिवसा लोकांचे डोळे तपासायचे, आणि जॅझमधले मोठमोठे ड्रमर त्या खोलीत येऊन वाजवायचे.

तर आता कामाला लागू. माइकला हात लावायच्या आधी तीन गोष्टी करायच्या आहेत, आणि पहिल्या दोन गोष्टींतच तुझी अर्धी दुपार जाणार आहे. जाऊ दे.

पहिली, ट्यूनिंग. तबलजी मैफलीआधी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसतो, तेव्हा कुणी घाई करत नाही. ड्रमला मात्र आपण तेवढा वेळ देत नाही. ड्रमची की घे, प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत बोटाने टिचकी मार आणि सगळीकडे एकच सूर येतोय का बघ. एक बोल्ट पिळलास की पुढचा त्याच्या समोरचा, शेजारचा नाही. खालची स्किनही विसरू नकोस. टॉम वाजवल्यावर स्नेअरच्या तारा थोड्या खुळखुळणारच, ते चालतं. पण स्नेअर फारच वाजत राहिला, तर कडेला चिकटपट्टीची बारीक घडी लाव. किकमध्ये एक उशी किंवा जुनी शाल घाल, स्किनला जेमतेम टेकेल अशी. यात कमीपणा नाही. 1966 मध्ये बीटल्सच्या 'टुमॉरो नेव्हर नोज'च्या वेळी जेफ एमरिक या तरुण इंजिनिअरने रिंगो स्टारच्या बेस ड्रममध्ये चक्क चार गळ्यांचा लोकरी स्वेटर कोंबला होता. पेडलला तेलाचा थेंब सोड, स्टूल करकरतंय का बघ. कमी माइक असले की ते लांबून ऐकतात, आणि लांबून ऐकणाऱ्याला करकर आधी ऐकू येते.

दुसरी, खोली. किटखाली सतरंजी घाल. तुझ्या खोलीचं छत साधारण दहा फूट आहे, आणि वर सपाट स्लॅब. झांजांचा आवाज त्यावर आपटून पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणि मघाचं ते पुसापुशीचं काम सुरू करतो. त्यावर उपाय घरातच आहे. छताला टांगलेल्या कपडे वाळत घालायच्या काठ्यांवर दोन जाड गोधड्या पसर, नेमक्या किटच्या डोक्यावर. दोऱ्या पक्क्या आहेत ना ते आधी ओढून बघ. पंख्याला मात्र काही बांधू नकोस. मागच्या भिंतीला एक गादी उभी कर. अंड्यांचे ट्रे लावू नकोस, त्यांनी काही होत नाही. आणि एक खरं सांगते, गोधडीने फक्त वरचा, टोकदार आवाज मऊ होतो. 100 हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, ती गोधडीला जुमानत नाही. म्हणून किट खोलीच्या अगदी मधोमध ठेवू नकोस आणि कोपऱ्यात चिकटवूनही ठेवू नकोस. मधोमध किक मरते, कोपऱ्यात ती घुमायला लागते. वीतभर इकडे, हातभर तिकडे सरकवून बघ. जिथे किक पोटात जाणवेल, ती किटची जागा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती तुझ्या हातांची आहे. गणपतीत ढोलपथक आठवून बघ. पथकाच्या शेजारी उभी राहिलीस तर ताशा कान फाडतो. गल्लीच्या टोकाला गेलीस की ताशा ओसरतो आणि ढोल तेवढा छातीत वाजत राहतो. वाजवणारे तेच, फक्त ऐकण्याची जागा बदलली. तुझे तीन माइक असेच लांबून ऐकणारे आहेत. आठ माइक असते तर हाय-हॅट जास्त झाला म्हणून नंतर तो खाली करता आला असता. तीन माइकांत तो कमी करायचा एकच मार्ग, तू कमी वाजव. चांगला तबलजी तबला आणि डग्गा यांचं माप हातातच ठेवतो, ते माइकवाल्यावर सोपवत नाही. तूही ठेवू शकतेस. किक आणि स्नेअर ठाम, टॉम भरघोस, आणि झांजा, विशेषतः हाय-हॅट, तुला वाटतं त्यापेक्षा हलक्या हाताने. फोन समोर ठेवून दोन मिनिटं रेकॉर्ड कर आणि ऐक. फोन आवाज दाबतो, त्यामुळे गोडवा शोधू नकोस, फक्त माप बघ. हाय-हॅटखाली स्नेअर बुडत असेल, तर महागातला माइकही तो वर काढू शकणार नाही. हा आठवडाभराचा रियाज आहे. हा रियाज तू केलास तर पुढे कधी बारा माइक मिळाले तरी तोच कामी येईल.

आता माइक.

सुरुवात एकाच माइकपासून कर. मैत्रिणीला किटवर बसव, साधा ठेका धरायला सांग. तू एका कानात बोट घाल आणि खोलीत फिर. वाक, उभी राहा, तिच्या उजव्या खांद्यामागे जा, किकच्या समोर जा. एका कानाने जिथे सगळे ड्रम एकमेकांना जागा देऊन वाजतायत असं वाटेल, तिथे माइक. बऱ्याचदा ही जागा वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्याच्या वर सापडते, नाहीतर समोरून, किकच्या काठाच्या थोडं वर, स्नेअरकडे बघणारी. या एका माइकवर गाणं ऐकवत नसेल तर दुसरा लावू नकोस. जागा बदल.

मग दुसरा, किकला. तुझ्याकडे जो डायनॅमिक माइक आहे तो इथे. पुढच्या स्किनला भोक असेल तर भोकाच्या तोंडाशी, नसेल तर स्किनपासून चार बोटं लांब, मध्यावर न धरता जरा बाजूला. भोकाच्या तोंडाशी वाराही येतो, त्याच्या थेट झोतात धरू नकोस.

आणि मग तिसरा. आता ग्लिन जॉन्सची ती मांडणी. किकचा माइक सोडून उरलेले तुझे दोन्ही कंडेन्सर माइक तिला लागतील, म्हणून पहिल्याचीही जागा बदलेल. पहिला स्नेअरच्या वर, साधारण एक मीटरवर, खाली किक आणि स्नेअरच्या मधोमध बघणारा. दुसरा तुझ्या उजवीकडे, फ्लोअर टॉमच्या पलीकडे, त्याच्या काठापेक्षा वीतभर उंच, टॉमवरून आडवा स्नेअर आणि हाय-हॅटकडे बघणारा. आणि आता सुतळी. तिचं एक टोक स्नेअरच्या मधोमध धर, दुसरं वरच्या माइकच्या तोंडापर्यंत ताण आणि तिथे गाठ मार. तीच सुतळी, तीच गाठ, आता बाजूच्या माइककडे ने. गाठ जिथे पोचेल तिथे त्या माइकचं तोंड. झालं. स्नेअरचा आवाज आता दोघांना एकाच क्षणी भेटणार, त्यामुळे तो मधोमध आणि भरलेला येणार. ऐकताना एक थोडा डावीकडे, दुसरा थोडा उजवीकडे सरकव. अगदी टोकांना नको, नाहीतर फ्लोअर टॉम शेजारच्या खोलीत वाजल्यासारखा वाटतो. किक मधोमध.

सुतळी नसेल तर स्टिक्स आहेत. नेहमीची स्टिक सोळा इंचांची असते. स्नेअरपासून दोन स्टिक्स उंचीवर एक माइक, आणि दोनच स्टिक्स अंतरावर उजव्या खांद्यावरून दुसरा. हीसुद्धा प्रचलित रीत आहे, आणि बुटक्या छताखाली मला तीच जास्त आवडते, कारण माइक छतापासून लांब राहतात.

आता ती तपासणी, जी मला त्या रात्री कुणी सांगितली असती तर माझे नऊ महिने वाचले असते. तिन्ही माइकांचा आवाज मोनो कर, म्हणजे सगळं एकाच जागेवरून येऊ दे. किक आणि स्नेअर वाजलेला तुकडा लाव. सॉफ्टवेअरमध्ये किकच्या ट्रॅकवर लाट उलटी करायचं बटण असतं, त्यावर बहुतेक वेळा रेघ मारलेलं शून्य असतं. ते दाब, सोड, पुन्हा दाब. डोळे मिटून ऐक. ज्या बाजूला किक जाड आणि खोल लागेल, ती बाजू ठेव. मग बाजूच्या माइकसाठीही तसंच करून बघ. पाच मिनिटांचं काम आहे. हे केल्याशिवाय स्वतःच्या वाजवण्याबद्दल एक वाईट शब्द मनात आणायचा नाही. मला तसं वचन दे.

गेनचंही सांगून ठेवते. फँटम पॉवर केबल जोडल्यावर चालू कर, काढताना आधी बंद कर. लेव्हल बघताना गाण्यातला सगळ्यात जोराचा तुकडा वाजव, आणि टोकं उणे 10 डेसिबलच्या आसपास राहतील इतकाच गेन ठेव. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की हात आपोआप जड होतात, त्यासाठी ती जागा सोडायची. 24 बिटवर रेकॉर्ड करत असशील तर आवाज थोडा कमी आला म्हणून काही बिघडत नाही, पण फाटला तर तो परत शिवता येत नाही. पंखा बंद. लॅपटॉप बॅटरीवर, म्हणजे चार्जरची घूं घूं यायची शक्यता जाते. आणि मावशीला कुकर थोडा उशिरा लावायला सांग.

तीस सेकंद वाजव, ऐक. आवडलं नाही तर आधी स्टँड हलव, बटणं नंतर. हाय-हॅट बोचतोय? बाजूचा माइक फ्लोअर टॉमच्या मागे आणखी वळव, किंवा वरचा माइक हाय-हॅटपासून दूर कलता कर. टॉम बारीक वाटतायत? वरचा माइक वीतभर खाली घे. दर वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. आणि माइक हलवलास की पुन्हा सुतळी. कंटाळा येईल, तरी पुन्हा सुतळी.

शेजारच्यांचं तू विचारलं होतंस. गाद्या-गोधड्यांनी खोलीतला आवाज सुधारतो, पण बाहेर जायचा थांबत नाही, हे मनाशी पक्कं ठेव. किकचे दणके जमिनीतून खाली जातात. दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून त्यावर किट ठेवलं तर ते बरेच कमी होतात. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असतेच, पण तू दुपारची वामकुक्षीही पाळ. खालच्या काकूंकडे आदल्या दिवशी स्वतः जा. "उद्या अकरा ते एक वाजवणार आहे, त्रास होईल, चालेल का?" असं विचार. आमच्या खालच्या आजी सुरुवातीला दार आपटायच्या. एकदा त्यांना वर बोलावून हेडफोन कानाला लावले आणि मी काय करतेय ते ऐकवलं. पुढे त्याच विचारायच्या, "आज वाजवणार नाहीस?" सगळेच असे भेटतील असं नाही. पण न विचारता वाजवलेल्या दोन तासांत मन सारखं दाराकडे असतं, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं.

अजून एक. तुझ्या रेकॉर्डिंगचा आवाज मोठ्या गाण्यांसारखा लागणार नाही. तो तुझ्या खोलीसारखा लागेल. गोधड्यांखालचा, स्लॅबचा, तुझ्या त्या जुन्या किटचा. एकदोन दिवस खटकेल. तेवढ्यात पुसून टाकू नकोस. आठवडाभर ठेव आणि मग सकाळी ताज्या कानाने ऐक.

आज दुपारी कुरिअरने तुला एक पाकीट पाठवतेय. त्यात माझी सुतळी आहे, जुनी, मळकट, एक गाठ मारलेली. त्या स्टुडिओत कळलं त्याच रात्री घरी येऊन मी किटवरची चादर काढली आणि ही गाठ मारली. ती माझ्या किटच्या मापाची आहे, तुझ्या खोलीत कदाचित चालायची नाही. तेव्हा ती सोड आणि तुझ्या मापाने नवी मार. मग तिन्ही माइकांचं जसं येईल तसं, काहीही न सजवता, मला पाठव. मी एका कानात बोट घालून ऐकेन, आणि खरं काय ते सांगेन.